जुनी जॉन्सन आउटबोर्ड: इंजिन पळतंय, बोट पळत नाही

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यात चांदोरी-सायखेड्याकडे आम्हा पोरांचं छोटं पूरबचाव पथक आहे. गोदावरीला मोठा पूर आला की नांदूरमध्यमेश्वर धरणाचा फुगवटा मागे येतो आणि दोन्ही गावांत पाणी शिरतं. ऑगस्ट २०१९ इकडे कुणीच विसरलेलं नाही. मुख्य बोटीला चांगली नवी मोटर आहे. सरावासाठी आणि जोडीला म्हणून एक १४ फुटी फायबरची बोट आहे, तिच्यावर जॉन्सनची १० हॉर्सपॉवरची जुनी आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायची मोटर) बसवली आहे. क्यूडी मालिकेतली, दोन सिलिंडर, १९५०च्या दशकातली. दोन नळ्यांची प्रेशरवाली टाकी अजून मूळचीच आहे.

अडचण अशी. मोटर लगेच सुरू होते, न्यूट्रलला एकसारखी चालते. गिअर टाकला की बोट निघते. अर्ध्या रेसपर्यंत सगळं व्यवस्थित. त्यापुढे रेस दिली की इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि बोट मात्र पुढून कुणी धरल्यासारखी मंदावते. रेस कमी केली की पुन्हा पकडते.

आतापर्यंत केलेलं: दोन्ही प्लग नवे, कार्बोरेटर उघडून साफ, पेट्रोल ताजं, पेट्रोल २४ला ऑईल १. पंख्याची पाती बाहेरून चांगली दिसतात, कुठे मोडलेलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. पावसाच्या आत काम व्हायला हवं.

मॅग्नेटो

माझा पहिला संशय इग्निशनवर. त्या काळच्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या फ्लायव्हीलखालच्या, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलवरचं आवरण वयाने तडकतं. थंडीत ठिणगी चांगली, तापलं की एक सिलिंडर सोडून देतो. एका सिलिंडरवर मोटर न्यूट्रलला चालत राहते, पण बोट ओढत नाही. कॉइल बघितल्या का?

निफाडवाला

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. हवा विरळ, त्याचा परिणाम असेल का? हीच मोटर मुंबईला खाडीत चालवली तर कदाचित नीट पळेल.

दर्यावर्दी

कोकणात हर्णैला आयुष्य आउटबोर्डवर गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निफाडवाला, ६०० मीटरवर ताकद पाचसहा टक्के कमी होते, पण ती पहिल्या दिवसापासून कमी असते. अर्ध्या रेसपुढे अचानक काही बदलतं त्याचं कारण हवेत नाही.

मॅग्नेटो, तुमचं म्हणणं सोडून देऊ नका, ते पुढे लागेल. पण धागाकर्त्याने एक ओळ फार नेमकी लिहिली आहे: आवाज चढतो. बोट ओढत नसली की सगळ्यात आधी हेच ऐकायचं. आवाज उतरत असेल, इंजिन दबल्यासारखं होत असेल, तर ताकद तयारच होत नाही. मग ठिणगी, पेट्रोल, कॉम्प्रेशन बघा. आवाज चढतोय आणि बोट मंदावतेय, तर ताकद तयार होते पण पाण्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी कार्बोरेटर दहा वेळा साफ केला तरी हाती काही लागत नाही. आमच्याकडेही पोरं सगळ्यात आधी कार्बोरेटरच उघडतात, कारण तो डोळ्यांसमोर असतो.

आवाज चढत असेल तर पंख्याच्या बाजूला चार जागा.

एक, पिन. पंख्याच्या दांड्यातून आरपार जाणारी पिन तुटली तर रेटा पूर्ण जातो, अर्ध्या रेसलाही बोट हलत नाही. तुमची हलते, म्हणजे पिन नाही. तरी काढून बघा, वाकली असेल.

दोन, गिअरचा कुत्रा, म्हणजे गिअर पकडणारा दातांचा तुकडा. त्याचे दात गोल झाले की गिअर सुटतो, पुन्हा पकडतो, पण खाड-खाड आवाज करत आणि हादरे देत. लिव्हर हाताखाली उसळतो. तुम्ही खाड-खाड आवाजाचं काही लिहिलं नाही, तेव्हा हेही बहुधा नाही.

तीन, पंखा हवा ओढतो. मोटर बोटीच्या मागच्या फळीवर उंच बसली असेल किंवा जास्त तिरकी असेल तर रेस दिली की वरून हवा खाली खेचली जाते आणि पंखा फेसात फिरतो. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा हाताच्या बोटाच्या रुंदीएवढी खाली हवी. तुमची मोटर छोट्या उभ्या दांड्याची, म्हणजे १५ इंची फळीसाठीची असेल आणि फायबरवाल्याने मागची फळी २० इंची करून दिली असेल तर प्लेट तळाच्या पाच इंच वर जाते. मग असंच होणार.

चार, पंख्याच्या आतला रबर. पंखा एकसंध दिसतो, पण त्याच्या पोटात पितळी बुश (दांड्यावर बसणारी नळी) असतो आणि बुश व पंखा यांच्यामध्ये दाबून बसवलेलं रबर. दगड लागला तर गिअर वाचावा म्हणून. साठ-सत्तर वर्षांनी त्या रबराची पकड जाते. कमी ताकदीला धरून राहतं, जास्त ताकद आली की आतल्या आत घसरतं. आवाज नाही, हादरा नाही, बाहेरून काही दिसत नाही.

तुमच्या लक्षणांवरून तीन किंवा चार. दोघांची लक्षणं पाण्यावर सारखीच दिसतात, म्हणून आधी फळी मोजा, मग रबर तपासा.

पाणपक्षी

मोटरमधलं मला फारसं कळत नाही, पण पक्षी बघायला त्या भागात वर्षानुवर्षं येते. सायखेड्याच्या पुलाला पाणवेली कशा अडकतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या मुळ्या आणि मासेमारीची तुटकी जाळी पंख्याच्या मागे दांड्यावर गुंडाळली जात असतील का? करकोच्यांच्या पायात तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) अडकलेला पाहिला आहे, म्हणून विचारते.

दर्यावर्दी

ताई, मुद्दा अगदी बरोबर. पाणवेल पंख्याला गुंडाळली तर सहसा दिसते आणि हाताने निघते. तंगूस जास्त वाईट. तो पंख्याच्या मागे दांड्यावर घट्ट बसतो, हळूहळू तेलाच्या सीलमध्ये शिरतो आणि सील कापतो. मग गिअरपेटीत पाणी जातं. गोदाकाठ, पंखा काढाल तेव्हा मागे नीट बघा आणि खालचा स्क्रू उघडून गिअर ऑईल थेंबभर काढा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

गोदाकाठ

काका, खूप खूप आभार. आज बोट काठावर ओढून मापं घेतली. फळी १५ इंची, प्लेट तळाच्या रेषेपासून बोटाच्या रुंदीएवढी खाली. तिरकेपणा पण ठीक. म्हणजे हवा नाही.

पंखा काढला. पिन सरळ आहे. ताईंचं खरं निघालं: दांड्यावर तंगुसाची गुंडाळी होती, हिरवट, मेणासारखी घट्ट. ब्लेडने कापून काढावी लागली. ऑईल सुदैवाने स्वच्छ, दुधाळ नाही.

आता रबर तपासायचं कसं? हाताने पंखा फिरवून बघितला, हलत नाही.

टर्नर_सातपूर

हाताने हलणार नाही भाऊ. हाताचा जोर किती आणि गिअरमधून येणारा पीळ किती. असं करा.

पंखा बाहेर काढलाच आहे तर पितळी बुशचं मागचं तोंड आणि भोवतीचं पंख्याचं तोंड पॉलिश पेपरने स्वच्छ करा. मग स्क्राइबरने (धातूवर रेघ मारायच्या टोकदार सुईने) बुशवरून रबर ओलांडून पंख्यापर्यंत एक सरळ रेघ मारा. धातूवर चांगली खोल ओरखडा. मार्करने किंवा रंगाने केली तर पाण्यात पुसते आणि मग वाद होतो की रेघ होती कुठे.

पंखा बसवा, बोट पाण्यात, पूर्ण रेस द्या, तो आवाज चढू द्या. परत आलात की पंखा काढून बघा. रेघेचे दोन तुकडे झाले असतील, बुशवरचा एकीकडे आणि पंख्यावरचा दुसरीकडे, तर रबर घसरलं. रेघ सरळ असेल तर रबर निर्दोष.

ड्रममध्ये पाणी भरून करू नका. ड्रममध्ये पाणी गोल फिरायला लागतं, फेस होतो, पंख्यावर नीट भार येत नाही.

दर्यावर्दी

+१. आणि जमलं तर बोट बांधून चाचणी घ्या. काठावरच्या भक्कम झाडाला दोर, दुसरं टोक बोटीच्या मागच्या दोन्ही कड्यांना, मध्ये टांगता काटा. पुढच्या गिअरमध्ये रेस देत जायची आणि काट्यावर किती किलो ओढ येते ते बघायचं. बांधलेल्या बोटीत पंख्यावर सगळ्यात जास्त भार असतो, त्यामुळे लपलेला दोष बाहेर येतो. शिवाय दुरुस्तीनंतर तुलना करायला आकडा हातात राहतो. नुसतं "आता बरी पळते" यावर माझा विश्वास नाही.

दोर पंख्यापासून लांब राहील असा बांधा. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. मोटर चालवणाऱ्याजवळ सुरी हवीच आणि अंगात जॅकेट.

गोदाकाठ

काटा आमच्याकडे घरोघरी आहे काका, कांद्याच्या गोण्या मोजायचा डिजिटल टांगता काटा. तोच वापरला.

रेस हळूहळू वाढवली तसा आकडा चढत गेला. ४५ किलोच्या आसपास पोचला आणि इंजिनाचा आवाज एकदम सुटला. त्याच क्षणी काटा २० वर आला. रेस कमी केली की पुन्हा ३०-३५, वाढवली की परत सुटतो. पंख्यामागे फेस नव्हता, पाणी हिरवंगारच होतं.

पंखा काढला. बुशवरची ओरख (मारलेली रेघ) पंख्यावरच्या ओरखेपासून जवळजवळ पाव फेरा सरकलेली. फोटो टाकलाय, बघा. रबराच्या कडेला काळी पूड जमली आहे, बोटाला लागते.

टर्नर_सातपूर

फोटो बघितला. शंभर टक्के रबर. काळी पूड म्हणजे घासलेलं रबरच.

मॅग्नेटो

मग सोपं आहे. पंख्याच्या पोटातून बुशपर्यंत तीन भोकं पाडा, आटे काढा, स्टेनलेसचे स्क्रू बसवा. रबर घसरायचा प्रश्नच मिटला. पिन आहेच, दगड लागला तर पिन तुटेल.

टर्नर_सातपूर

हे करू नका असं कळकळीने सांगतो.

पिनमध्ये दोन प्रकार असतात. ज्या जुन्या मोटरींना पंखा एकसंध, त्यांची पिन मऊ, पितळेसारखी. ती तुटण्यासाठीच बनवलेली. पण ज्या पंख्यात रबर आहे तिथे धक्का झेलायचं काम रबराचं. तिथली पिन फक्त पंखा फिरवण्यासाठी, म्हणून बहुधा कडक असते. तुम्ही रबर बाद करून कडक पिन ठेवली की पुरात एखादं ओंडकं लागलं तर जोर थेट गिअरच्या दातांवर. पंखा मिळेल, रबर मिळेल, त्या मोटरचे गिअर शोधताना मात्र वर्ष जाईल. जॉन्सन आणि एव्हिनरूड दोन्ही बनवणारी मूळ कंपनी ओएमसी २००० सालीच बुडाली आणि पुढे ज्यांनी ते नाव चालवलं त्यांनीही २०२० मध्ये एव्हिनरूड बनवणं थांबवलं. सुटे भाग बाहेरचे लोक बनवतात तेवढेच.

आणि मऊ पिनच्या मोटरीत खिळा ठोकणारे लोक पाहिलेत, तेही असंच.

करायचं ते असं. बुश प्रेसवर दाबून बाहेर काढायचा. आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबडला पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या चिवट प्लास्टिकचे) रोलर आणि बुश ओतून देणारी छोटी वर्कशॉप्स आहेत. पंखा आणि बुश दोन्ही द्या, पंख्याचं पोट आणि बुशचा बाहेरचा भाग खरखरीत करायला सांगा, मध्ये ओतून द्यायला सांगा. फार मऊ घेतलं तर पुन्हा घसरेल, फार कडक घेतलं तर स्क्रू मारल्यासारखंच होईल. "दणका लागला तर सुटलं पाहिजे, पूर्ण रेसला नाही" असं सांगितलं की ओतणाऱ्याला कळतं. बुश मधोमध आणि सरळ बसला पाहिजे, नाहीतर पंखा थरथरेल. त्यासाठी दांड्याच्या मापाचं मँड्रेल (बुश सरळ धरणारी सळई) मी लेथवर करून देतो, पैसे नकोत. पथकासाठी आहे.

गोदाकाठ

टर्नरभाऊ, काय बोलू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

मॅग्नेटो

पटलं. कडक पिनचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता, चांगली माहिती मिळाली. वाचनखूण साठवली.

निफाडवाला

तोपर्यंत बोट वापरता येईल का?

दर्यावर्दी

अर्ध्या रेसच्या खाली ठेवून, शांत पाण्यात, काठाजवळ सरावाला हरकत नाही. वाहत्या पाण्यात अजिबात नाही. घसरणारं रबर घासून तापतं आणि आणखी घसरतं. आज ४५ किलोला सुटलं, उद्या ३० ला सुटेल. पुरात प्रवाहाच्या तोंडावर तुम्हाला रेस हवी असेल त्याच वेळी पंखा सोडून देईल. आणि पंखा दुरुस्त झाल्यावरही माणसं आणायला नवी मोटरच न्या, जुनी मागे उभी राहू दे. एवढ्या वयाच्या यंत्रावर माणसाचा जीव टांगू नये, कितीही गोड चालत असलं तरी.

गोदाकाठ

अपडेट. पंखा तयार होऊन आला, काम अतिशय देखणं झालंय. बुश अगदी मधोमध. नवी ओरख मारूनच बसवला.

पुन्हा तोच काटा, तेच झाड. ४५ ला सुटायचं बंद झालं. आकडा ६० पर्यंत गेला आणि तिथे थांबला. पूर्ण रेस दिली तरी ६०च. पण या वेळी आवाज चढत नाही, उलट इंजिन जड होतं, मध्येच अडखळतं. थोडं तापल्यावर ५० वर येतं. ओरख तपासली, तसूभरही हललेली नाही.

काका, आता हे दुसरं काय?

दर्यावर्दी

आता मॅग्नेटोंची पाळी. आवाज उतरतोय, म्हणजे पंखा आपलं काम करतोय आणि ताकद कमी पडतेय. हा दोष आधीपासून असणार. रबर घसरत होतं तोवर इंजिनावर पूर्ण भार कधी आलाच नाही, त्यामुळे दुबळा सिलिंडर उघडा पडला नाही. पहिल्या दोषाने दुसऱ्याला झाकून ठेवलं होतं. जुन्या मोटरीत हे नेहमी होतं, म्हणून दुरुस्तीनंतरही काटा लावायचा.

मॅग्नेटो

धन्यवाद काका. गोदाकाठ, क्रमाने करा.

मोटर तापवून घ्या. कमी रेसला चालू असताना एकेका प्लगची ठिणगी आळीपाळीने बंद करायची. वायर नुसती उपटून हवेत लटकवू नका, कॉइलवर ताण येतो. इन्सुलेशनवाल्या पकडीने काढून लगेच इंजिनच्या धातूला टेकवा. ओल्या हाताने तर अजिबात नाही. ज्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो आधीच झोपलेला आहे.

मग मोटर बंद करून त्याची ठिणगी टेस्टरवर बघा. पाव इंचाची फट ओलांडून निळी, टण्‌कन आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी आणि बारीक असेल तर फ्लायव्हील उतरवा. मधला नट सैल केला की पुलर (ओढून काढायचं अवजार) लावायचा तो वरच्या तीन आट्यांच्या भोकांत. कडेला जबडे अडकवून ओढू नका, फ्लायव्हील वाकतं. हातोडा तर नाहीच.

आत कॉइलवर केसासारखी भेग शोधा. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. पॉइंटवर धूळ-तेल असेल तर कोरा जाड कागद ओढून स्वच्छ करा, सँडपेपर नको. प्लगची फट ०.०३० इंच. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशनही मोजून ठेवा, दोघांत मोठा फरक नसला म्हणजे झालं.

ऑईल कुठलं घालता? मोपेडचं टू-टी नको. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं येतं, तेच घ्या.

गोदाकाठ

वरचा सिलिंडर झोपलेला निघाला. थंड असताना ठिणगी ठीक, तापल्यावर पिवळी. फ्लायव्हील काढलं (पुलरनेच). वरच्या कॉइलवर तीन भेगा, एकीतून आतला काळा थर बाहेर आलेला. खालची कॉइल पण एका कोपऱ्यात तडकायला लागलीय. कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळपास सारखं. कॉइल कुठे मिळेल?

मॅग्नेटो

दोन्ही बदला. त्या काळच्या दोन सिलिंडरच्या बऱ्याच जॉन्सन आणि एव्हिनरूडला एकच कॉइल चालते, त्यामुळे नवी अजून बनते. मुंबईत माझगाव, दारूखाना भागात चौकशी करा, जुनी कॉइल सोबत न्या. बसवताना कॉइलच्या टाचा आणि खालच्या प्लेटची कड एका रेषेत ठेवा, नाहीतर फ्लायव्हीलचं चुंबक घासेल.

पेट्रोलच्या नळ्याही त्याच फेरीत बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं. कार्बोरेटरमधला फ्लोट बुचाचा असेल तर त्यावरचं लाखेचं आवरण सुटून जेटमध्ये अडकतं. पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका, पावसाळ्यात तर ते हवेतलं पाणी ओढतं.

गोदाकाठ

कॉइल मिळाल्या, दोन्ही बसवल्या. नळ्या नव्या. फ्लोट बुचाचाच होता, आवरण चिकट झालेलं, तोही बदलला.

आज सकाळी काटा ८५ वर गेला आणि तिथेच टिकला. तापल्यावरही टिकला. आवाज भरलेला, एकसारखा. ओरख जागच्या जागी. सोडून पळवली तेव्हा बोटीचं नाक वर आलं, चांदोरीच्या काठावर उभी पोरं ओरडत होती.

काका, मॅग्नेटो, टर्नरभाऊ, पाणपक्षीताई, सगळ्यांचे मनापासून आभार. सीलवर आता दर सरावानंतर नजर ठेवतो.

दर्यावर्दी

झकास. नवं पॉलियुरेथेन पहिल्या काही फेऱ्यांत थोडं बसतं, तेव्हा ओरख अधूनमधून बघत राहा. दोन-चार अंश सरकून थांबली तर चालेल, सरकतच राहिली तर परत ओतून घ्या. एक जादा पिन आणि कॉटर पिन, पक्कड आणि पाना डब्यात बांधून बोटीतच ठेवा.

घोटीकर

उशिरा आलो. माझ्याकडे जुनी ब्रिटिश सीगल आउटबोर्ड आहे. तिचाही रेटा गेलाय, इंजिन चालतं पण पंखा जेमतेम फिरतो. हीच ओरखेची चाचणी करू का?

दर्यावर्दी

सीगलला बहुतेक मॉडेलमध्ये रबर नसतं. पंखा आणि दांडा यांच्यामध्ये पिनऐवजी जाड स्प्रिंग असते, धक्का तीच झेलते. पंखा काढा आणि ती स्प्रिंग बघा. तुटली असेल, किंवा टोक भोकातून निसटलं असेल. तीच गिळून बसलेली असते रेटा.